पाच चांदण्या आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक

 

मागच्या महिन्यात भडगाव तालुक्यातल्या आमच्या एका गटाच्या बैठकीत एका ताईंनी चाळीस हजारांचं अंतर्गत कर्ज मागितलं. लग्नाला सहा वर्षं झाली तरी सुनेला मूल नाही. मोबाईलवर एका मोठ्या शहरातल्या दवाखान्याची जाहिरात दिसली होती. ‘शंभर टक्के गॅरंटी’ असं लिहिलेलं आणि बाळ घेतलेल्या बायांचे व्हिडिओ. ताई म्हणाल्या, “पाच चांदन्या शेतस त्याले, डॉक्टर चांगलाच व्हई ना!”

गटाचे पैसे म्हणजे वीस बायांच्या घामाचे पैसे. म्हणून त्या दिवशी आम्ही आधी चांदण्यांचा अर्थ समजून घेतला.

गुगलच्या नकाशावर दवाखान्याच्या नावाखाली कोणीही मत लिहू शकतं आणि एक ते पाच तारे देऊ शकतं. लिहिणारा खरंच पेशंट होता की नाही, हे वाचणाऱ्याला कळत नाही. काही दवाखाने औषध देतानाच सांगतात, “तेवढा रिव्ह्यू टाका.” काही जण हे काम पैसे देऊन एजन्सीकडे सोपवतात. एजन्सी रील बनवते, चांगली मतं मागवते, वाईट मतांना उत्तरं लिहिते. म्हणजे तारे बघून डॉक्टर किती प्रसिद्ध आहे ते कळतं. तो किती शिकलेला आहे ते कळत नाही.

मोबाईलवर येणारा प्रत्येक डॉक्टर फसवतो, असंही नाही. लातूरचे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांचं दिवसातून दोनदाच जेवण्याबद्दलचं व्याख्यान यूट्यूब आणि व्हॉट्सॲपवरूनच घरोघरी पोचलं. पण ते आधी रक्ततपासणी करायला सांगतात, आणि गरोदर बाईसाठी हा आहार नाही असंही सांगतात. पुढे पाठवलेल्या दोन मिनिटांच्या तुकड्यात नेमकं तेवढंच गळून जातं. म्हणून व्हिडिओ बघून माहिती घ्यावी, औषध मात्र तपासून घेतल्यावरच घ्यावं.

आता कायदा काय म्हणतो ते ऐका. डॉक्टरांच्या वर्तणुकीचे नियम २००२ साली आले. त्यानुसार डॉक्टरने जाहिरात करून पेशंट ओढायचे नाहीत. दवाखाना सुरू केला, जागा बदलली, एवढं कळवायला हरकत नाही. पेशंटची ओळख पटेल असा फोटो त्याच्या परवानगीशिवाय छापायचा नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सोशल मीडियासाठी वेगळे नियम काढले. लाईक आणि फॉलोअर विकत घ्यायचे नाहीत, असं त्यात होतं. पण त्याच महिन्यात त्यांना स्थगिती मिळाली आणि २००२ चेच नियम चालू राहिले. त्याशिवाय १९५४ चा जादूटोण्याच्या औषधांच्या जाहिरातींविरुद्धचा कायदा आहे. मधुमेह, कर्करोग, बाईचं वंध्यत्व अशा आजारांवर औषधाने बरं करण्याची जाहिरात करायला त्यात बंदी आहे. म्हणजे ‘गॅरंटी’ हा शब्द दिसला की तिथेच थांबायचं.

मग ओळखायचं कसं? डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावायचा असतो, चिठ्ठीवर आणि पैशांच्या पावतीवरही लिहायचा असतो. एमबीबीएस आणि त्यापुढे शिकलेल्या डॉक्टरांची नोंद मुंबईच्या महाराष्ट्र वैद्यक परिषदेत असते. परिषदेच्या संकेतस्थळावर नाव किंवा क्रमांक टाकून ती बघता येते. आयुर्वेद आणि होमिओपॅथीच्या परिषदा वेगळ्या आहेत. कॉलेजात जाणारी मुलगी हे पाच मिनिटांत शोधून देईल.

आम्ही बैठकीतूनच त्या जाहिरातीतल्या नंबरवर फोन लावला. डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक विचारला. पलीकडची मुलगी म्हणाली, “आधी पाच हजार भरा, मग सगळं सांगू.” क्रमांक शेवटपर्यंत मिळाला नाही.

गटाने ताईंना कर्ज नाकारलं नाही. आधी तपासणीपुरते पैसे दिले आणि सुनेबरोबर मुलाचीही तपासणी करायची असं ठरलं. मूल न होण्याचं कारण पुरुषातही असू शकतं, हे त्या दिवशी बऱ्याच जणींनी पहिल्यांदा ऐकलं. सून मात्र एवढंच बोलली, “सहा वर्षांत हे कोणी म्हटलंच नव्हतं.”

शेवटी एक आपल्या बाजूचं. रागाच्या भरात कुणा डॉक्टरवर खोटं लिहू नका. पेशंटचा आजार गुप्त ठेवायचा असतो, म्हणून डॉक्टरला चारचौघांत पूर्ण उत्तरही देता येत नाही. जे घडलं तेवढंच लिहा. तक्रार मोठी असेल तर चिठ्ठी आणि पावती जपून ठेवा आणि परिषदेकडे लेखी पाठवा.

पुढच्या बैठकीत प्रत्येकीने घरातली एक जुनी चिठ्ठी आणायची. त्यावर क्रमांक आहे का, ते सगळ्या मिळून बघू. नमस्कार.