रायरेश्वराची शपथ आणि रांझ्याचा कागद

भोरजवळच्या रायरेश्वरावर तरुणांची शिबिरं भरतात. तिथे एक गोष्ट हमखास ऐकू येते: पंधरा वर्षांच्या शिवरायांनी करंगळी कापून पिंडीवर रक्ताचा अभिषेक केला, शपथ घेतली आणि स्वराज्य उभं राहिलं. मग पोरांना सांगतात, तुम्हीही आज मूठ आवळून ध्येय ठरवा, बाकी सगळं आपोआप होईल. ऐकून ऐकून कान किटले.

रक्ताच्या अभिषेकाला एकही समकालीन पुरावा नाही. दाखला दिला जातो तो दादाजी नरसप्रभू देशपांडे यांना लिहिलेल्या १६४५ च्या पत्राचा. त्यात रोहिरेश्वर आहे, करंगळी नाही. आणि हे पत्र अस्सल की नक्कल, यावरच इतिहासकारांत वाद आहे. बरं, शपथ झाली असं धरून चालू. पण राज्याभिषेक ६ जून १६७४ चा. मधली २९ वर्षं कुठे गेली?

ती कुठे गेली, हे याच भोर तालुक्यातल्या रांझे गावच्या कागदात दिसतं. तारीख २८ जानेवारी १६४६. गावचा पाटील बाबाजी गुजर याने एका स्त्रीवर अत्याचार केला होता. त्याला समोर आणवलं, चौकशी झाली, गुन्हा खरा ठरला. पाटिलकी गेली आणि हातपाय तोडले गेले. निवाडा देणाऱ्याला सोळावं वर्षही पुरं झालं नव्हतं! शिक्षेची रीत त्या काळाची होती. पण पाटलालाही जाब विचारला जाईल, हे मावळाला कळलं. राजमुद्रा असलेल्या सर्वांत जुन्या पत्रांत हे मोडतं. शिबिरात हे कोणी वाचून दाखवत नाही, याची चीड येते.

वर्षानुवर्षांचं तेच काम वेल्ह्यातही दिसतं. तोरणा हाती आल्यावर समोरच्या मुरुंबदेवाच्या डोंगरावर बांधकाम निघालं आणि राजगड झाला, जवळपास २५ वर्षांची राजधानी. १६६५ च्या पुरंदरच्या तहात २३ किल्ले गेले, तेव्हाही राजगड आणि तोरणा राखले.

‘२१ दिवसांत सवय लागते’ हेही तिथेच ऐकायला मिळतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली यांच्या अभ्यासात सरासरी ६६ दिवस निघाले, कुणाला १८ तर कुणाला २५४.

‘नेत्याचा आवेश पाहून सगळे आपसूक मागे येतात’ हेही खोटं. १६५९ मध्ये अफजलखानाला सामील होण्याचं आदिलशाही फर्मान मावळच्या देशमुखांना आलं. कारीचे कान्होजी जेधे, महाराजांहून वयाने कितीतरी मोठे, ते फर्मान आणि पाच मुलगे घेऊन महाराजांकडे गेले आणि त्यांनी वतनावर पाणी सोडलं. त्याच मुलखातले उत्रोळीचे खंडोजी खोपडे मात्र खानाला जाऊन मिळाले.