सिग्नलला गाडी तापते, हायवेवर नाही? आधी फॅन बघा

आजच्या भागाचं हे लेखी रूप. सेव्ह करून ठेवा, बॉनेट उघडून उभे असाल तेव्हा ऐकण्यापेक्षा वाचणं सोपं जातं.

प्रश्न असा: गाडी ट्रॅफिकमध्ये तापते, पण मोकळा रस्ता मिळाला की काटा आपोआप खाली येतो. असं का?

इंजिनातली उष्णता कूलंट रेडिएटरपर्यंत आणतं आणि तिथे हवा ती काढून घेते. ताशी ६०-७० किलोमीटरच्या वेगात समोरून येणारा वाराच पुरतो. सिग्नलला, किंवा खंबाटकी घाटात ट्रकच्या मागे रांगताना तो वारा नसतो. तेव्हा सगळी भिस्त रेडिएटरच्या इलेक्ट्रिक फॅनवर. म्हणून फक्त गर्दीत तापत असेल तर पहिला संशय फॅनवर घ्यायचा. हायवेवरही तापत असेल, तर मात्र कूलंटची गळती, अडकलेला थर्मोस्टॅट, वॉटर पंप किंवा चोंदलेला रेडिएटर बघा.

काटा लाल पट्ट्याकडे निघाला की एसी बंद करा आणि हीटर फुल करा. घामाघूम व्हाल, पण इंजिनाची थोडी उष्णता केबिनमध्ये निघून येते. सुरक्षित जागा दिसताच बाजूला घेऊन इंजिन बंद करा. रेडिएटरची कॅप गरम असताना अजिबात उघडू नका! आत दाब असल्यामुळे कूलंट १०० अंशांच्या वरही द्रवच असतं. कॅप सुटली की ते उकळून थेट अंगावर उडतं. आणि फॅनच्या पात्यांपासून हात लांब ठेवा, बऱ्याच गाड्यांत तो इंजिन बंद असतानाही सुरू होतो.

आता डीबगिंग. कोडसारखंच, एका वेळी एकच गोष्ट तपासायची.

१. एसी टेस्ट: थंड इंजिन चालू करून एसी लावा. बहुतेक गाड्यांत थोड्याच वेळात फॅन फिरतो. फिरला तर मोटर बहुधा ठीक आहे. संशय तापमान सेन्सरवर किंवा त्याच्या वायरिंगवर.

२. फ्यूज: उडाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा टाका. पुन्हा उडाला तर मोटर जाम आहे किंवा कुठेतरी शॉर्ट आहे. फ्यूजच्या जागी तार लावायचा जुगाड नको, वायरिंग पेटू शकतं.

३. रिले: त्याच फ्यूज बॉक्समध्ये अगदी त्याच नंबरचा दुसरा रिले असेल तर अदलाबदल करून बघा. फॅन फिरला? रिलेच गेला होता.

४. मोटर: मेकॅनिककडून तिला बॅटरीचा थेट करंट देऊन घ्या. फिरली तर दोष वायरिंगकडे, नाही फिरली तर मोटर बदला.

हे सगळं कशासाठी? रिले काही शे रुपयांत मिळतो. तापलेली गाडी तशीच दामटली तर हेड गॅस्केट जातं, सिलिंडर हेड वाकतं, आणि मग बिल हजारांत.

म्हणून गॅरेजवाले दादा थेट 'मोटर गेली' म्हणाले, तर शांतपणे एवढंच विचारा: "दादा, डायरेक्ट करंट देऊन बघितली का?"

भेटू पुढच्या भागात. तोवर काट्यावर लक्ष ठेवा!