पानावरची रेघ वाचायला शिकूया

(सामुदायिक रेडिओवरच्या शेतकरी मैत्रिणींसाठीच्या कार्यक्रमात झालेलं भाषण)



आज आपण नागअळीबद्दल बोलणार आहोत. टोमॅटो, वाल, चवळी, काकडी, दोडका, पालक, झेंडू, शेवंती, अगदी बांधावरची एरंडीसुद्धा, यांच्या पानावर पांढरी नागमोडी रेघ उमटते. जणू एखाद्या पोरानं खडूनं गिरगटून ठेवलंय. ती रेघ दिसली की घरात लगेच कुणीतरी म्हणतं, "रोग पडला, औषध मारा." दुकानातून बाटली येते, पंप पाठीवर चढतो, आणि दहा-बारा दिवसांनी बघावं तर रेघा आहेत तशाच. कधीकधी तर वाढलेल्या. पैसे गेले, औषधाचा वास नाकात बसला, आणि हाती काही नाही. असं का होतं? याचं उत्तर त्या रेघेतच आहे, ती वाचता आली पाहिजे. जमलं तर रेघ असलेलं एक पान तोडून हातात घ्या आणि मग ऐका.

पहिली गोष्ट म्हणजे ही नागअळी एका माशीची अळी आहे. शास्त्रज्ञ या माशीला लिरिओमायझा ट्रायफोलाय म्हणतात. तीन पानांच्या क्लोव्हर गवताला ट्रायफोलियम म्हणतात, त्यावरून हे नाव पडलं. जनावरांसाठी आपण लावतो ते बरसीम याच कुळातलं. ही माशी मूळची अमेरिकेतली. शेवंतीची कलमं एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ लागली, तसा पानांत लपून हिचाही प्रवास झाला. आपल्या देशात ती १९९०-९१ च्या सुमारास आली आणि हैदराबादच्या बाजूला एरंडीवर पहिल्यांदा नोंदली गेली. तिथून थोड्याच वर्षांत ती कितीतरी पिकांवर पसरली.

आता माशी कशी दिसते ते बघू. लांबी जेमतेम २ मिलिमीटर, म्हणजे मोहरीच्या दाण्याएवढी. डोकं पिवळं, पाठ काळसर राखाडी, आणि दोन पंखांच्या मध्ये पाठीवर एक ठळक पिवळा ठिपका. सकाळी टोमॅटोच्या पानावर नीट पाहिलंत तर टुणटुण उडणारी ही माशी दिसेल. तिचं तोंड चाटण्यापुरतंच असतं, तिला चावता येत नाही. मग ती पानातला रस कसा खाते? मादीच्या पोटाच्या टोकाला अंडी घालायची एक टोकदार नळी असते. त्या नळीनं ती पानाला भोक पाडते, मग गर्रकन मागे वळते आणि भोकातून आलेला रस चाटते. नराकडे अशी नळी नाही. तो मादीनं पाडलेल्या भोकांवरच पोट भरतो. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ना, तसाच!

हातातल्या पानावर सुईच्या टोकाएवढे पांढरट ठिपके दिसतात का? तीच ही भोकं. पण ठिपका दिसला म्हणजे तिथे अंडं आहेच, असं नाही. बहुतेक भोकं नुसती खाण्यासाठी पाडलेली असतात, थोड्याच भोकांत अंडं असतं. हे अंडं पाव मिलिमीटरचं, दुधी रंगाचं, पानाच्या सालीखाली दडलेलं. आपल्या डोळ्यांना ते दिसत नाही. दोन ते पाच दिवसांत त्यातून अळी निघते.

अळीची गंमत बघा. हिला पाय नाहीत, डोळे नाहीत आणि वेगळं दिसणारं डोकंही नाही. पुढच्या टोकाला फक्त दोन काळे बारीक आकडे असतात. विळ्यानं गवत कापावं तसे ते आकडे या बाजूला, त्या बाजूला चालवत ती पानाचा हिरवा गर खात पुढे सरकते. पानाला वर एक पातळ साल असते आणि खाली एक. ही अळी दोन्ही साली शाबूत ठेवते आणि मधला गर तेवढा खाते. म्हणून रेघ पांढरी दिसते. घरातलं धान्य संपल्यावर रिकामी कणगी उरावी, तशी ती रिकामी जागा असते. रेघेच्या आत काळ्या बारीक दोऱ्यासारखं काही दिसतं, ती तिची विष्ठा.

आता रेघेची दोन टोकं बघा. एक टोक केसासारखं बारीक, दुसरं रुंद. बारीक टोकाशी अळीचा जन्म झाला. ती वाढत गेली तशी रेघही रुंदावत गेली. वाढताना ती कात टाकते, तिच्या तीन अवस्था होतात, आणि शेवटच्या अवस्थेत सर्वांत जास्त खाते. म्हणजे अळी शोधायची तर कायम रुंद टोकाशी. पूर्ण वाढलेली अळी साधारण ३ मिलिमीटरची आणि पिवळसर नारिंगी असते. उबदार हवेत हे सगळं चार ते सात दिवसांत उरकतं.

वाढ पूर्ण झाली की अळी रुंद टोकाशी सालीला अर्धगोल चीर पाडते आणि बाहेर येते. बहुधा सकाळच्या वेळी. मग ती खाली मातीत पडते, भेगेत किंवा ढेकळाखाली शिरते, आणि तिची कातडी कडक होऊन तिचाच कोष बनतो. सोनेरी तपकिरी, तिळाच्या निम्म्या आकाराचा. एक-दोन आठवड्यांनी आत माशी तयार होते. कोषाचं झाकण उघडायला आणि माती बाजूला सारायला तिच्या कपाळावर एक पिशवी फुगते. फुग्यासारखी फुगवून ती ढकलत ढकलत वर येते. काम झालं की पिशवी डोक्यात परत जाते, पंख वाळतात आणि माशी उडते. अंड्यापासून माशीपर्यंतचा हा फेरा उबदार दिवसांत सुमारे तीन आठवड्यांत पुरा होतो. थंडीत जास्त दिवस लागतात.

मैत्रिणींनो, आता हिशेब मांडू. अंडं पानाच्या आत. अळी पानाच्या आत, वर सालीचं पांघरूण. कोष मातीत. उघड्यावर असते ती फक्त माशी, आणि तीही पंप घेऊन गेलं की उडून जाते. मग आपण वरून मारलेलं साधं विषारी औषध लागतं कुणाला? जे पानावर चालत असतात त्यांना. आणि पानावर चालणाऱ्यांत आपला एक मोठा मित्र असतो.

हा मित्र म्हणजे गांधीलमाशीच्या गोतातला एक चिमुकला किडा. काळसर हिरवा, चमकदार, नागअळीच्या माशीएवढाच. माणसाला तो डसत नाही. तो पानावर फिरत रेघेतली अळी हुडकतो, वरूनच सालीतून डंख मारून तिला लुळी करतो आणि तिच्याशेजारी आपलं अंडं घालतो. त्यातून निघालेली पिल्ली नागअळीला खाऊन वाढते. यातल्या एका जातीची पिल्ली तर कोषात जाण्यापूर्वी रेघेच्या आत आपल्याच विष्ठेचे छोटे खांब उभे करते, सुकणाऱ्या पानाची साल अंगावर बसू नये म्हणून! असे मित्रकिडे शेतात असले की नागअळी आटोक्यात राहते. आपण विष मारलं की आधी हे मरतात. नागअळीची माशी मात्र औषधाला लवकर सरावते. अमेरिकेत फ्लोरिडाच्या शेतकऱ्यांना हा अनुभव फार पूर्वीच आला. नवीन औषध आणायचं, आणि काही वर्षांत त्याचा गुण ओसरायचा.

म्हणून पंपाला हात घालण्याआधी पान उजेडाकडे धरा आणि रुंद टोक बघा. तिथे तीनपैकी एक गोष्ट दिसेल.

टोकाशी पिवळी अळी आहे आणि हलतेय, तर ती जिवंत आहे. काहीतरी करायला हवं.

टोक रिकामं आहे आणि बारीक चीर दिसतेय, तर अळी केव्हाच मातीत गेली. या पानावर काहीही मारलंत तरी उपयोग नाही. रेघ कधीच पुसली जाणार नाही, ती जुनी बातमी आहे.

अळी तपकिरी पडलीय, लुळी आहे, शेजारी दुसरी पांढुरकी-हिरवट अळी किंवा छोटा काळा कोष आहे, तर मित्रकिड्याचं काम चालू आहे. ते पान तोडू नका.

झाडाच्या वेगवेगळ्या भागांतली वीस-पंचवीस पानं अशी बघितलीत की शेताची खरी हकीकत कळते.

मग करायचं काय? रोप लहान असेल तर जास्त सावध राहा. दोन-चार पानांचं रोप असताना गर गेला तर वाढ खुंटते. झाड मोठं झाल्यावर खालच्या जुन्या पानांवर थोड्या रेघा असल्या तरी घाबरू नका. ही अळी फळात शिरत नाही. पण रेघा फारच झाल्या तर पानं गळतात आणि उघड्या पडलेल्या टोमॅटोला उन्हाचा चट्टा बसतो.

जिवंत अळीची पानं तोडा, पण बांधावर टाकू नका. प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधा आणि दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवा. झाडाखाली हलकी खुरपणी करा, म्हणजे कोष वर येतात आणि मुंग्या, पक्षी व ऊन आपलं काम करतात. पिवळ्या रंगाकडे ही माशी खेचली जाते, म्हणून पिवळे चिकट सापळे लावा. घरीही करता येतात. पत्र्याच्या तुकड्याला पिवळा रंग द्या आणि त्यावर एरंडेल किंवा ग्रीस लावा. युरियाचा मारा टाळा. लुसलुशीत गडद हिरवी पानं या माशीला फार आवडतात.

आणि फवारायचंच असेल तर निंबोळी अर्क. जून-जुलैत कडुनिंबाखाली निंबोळ्यांचा सडा पडतो, तो गोळा करून वाळवून ठेवा. पाच किलो निंबोळीची भरड ९ लिटर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी फडक्यातून गाळा. २०० ग्रॅम साबणाचा चुरा १ लिटर पाण्यात विरघळवून त्यात घाला आणि सगळं मिळून १०० लिटर करा. परसबागेपुरतं हवं असेल तर लिटरला ५० ग्रॅम भरड आणि चिमूटभर साबण. संध्याकाळी फवारा. लगेच अळ्या मेलेल्या दिसणार नाहीत, त्यानं निराश होऊ नका. निंबोळीमुळे अळीचं कात टाकणं बिघडतं आणि पुढे तिची माशी होत नाही.

एक फरक लक्षात ठेवा. टोमॅटोच्या पानावर रेघेऐवजी मोठे पसरट चट्टे असतील, आतल्या अळीला पाय आणि डोकं असेल आणि फळालाही भोकं पडत असतील, तर ती टुटा. तो पतंग आहे, २०१४ मध्ये आपल्याकडे आलेला. लिंबाच्या कोवळ्या पानावरची चंदेरी रेघसुद्धा पतंगाच्याच अळीची. त्यांचे उपाय वेगळे, त्याबद्दल पुन्हा कधीतरी.

बऱ्याच जणी विचारतात की रेघ असलेला पालक खावा का? जरूर खा. खराब भाग काढा, भाजी स्वच्छ धुवा. ती अळी विषारी नाही. विषारी आहे ते काल संध्याकाळी मारलेलं आणि आज सकाळी डब्यात गेलेलं औषध. फवारणीचं पाणी आपण वाहतो, औषध कालवताना हात आपले असतात, दुसऱ्या दिवशी त्याच सरीत खुरपायला आपणच बसतो. तेव्हा "औषध मारा" असं कुणी म्हटलं, तर "आधी पान बघू" असं म्हणण्याचा हक्कही आपलाच आहे.

या आठवड्यात एवढंच करा. एका रेघेच्या रुंद टोकाशी पेनानं ठिपका द्या आणि देठाला दोरा बांधा. रोज सकाळी बघा. रेघ ठिपक्याच्या पुढे सरकली का, थांबली का, चीर पडली का? दिसेल ते वहीत लिहा आणि पुढच्या कार्यक्रमात आम्हाला सांगा.