रंगाचे दोन हात

आकुर्डीत राहणाऱ्या माणसाला रंगाचं शास्त्र निराळं शिकवावं लागत नाही. बजाजच्या इथल्या कारखान्यातून वर्षानुवर्षं स्कूटर बाहेर पडल्या. २००७ साली ते उत्पादन थांबलं आणि २०२२ मध्ये त्याच आवारात विजेवरच्या चेतकचा कारखाना उभा राहिला. साहजिकच पेंट शॉपमधून निवृत्त झालेले एखादे काका आमच्याकडे गल्लीत असतातच. शेजारच्या अशाच काकांनी एकदा माझी नेलपॉलिशची बाटली न्याहाळली आणि म्हणाले, ‘‘वहिनी, हा तर आमचाच माल!’’

चेष्टेत म्हणाले, पण खरं बोलले. नायट्रोसेल्युलोजचा झटपट सुकणारा रंग १९२० च्या दशकात अमेरिकेत मोटारींवर चढला आणि त्याच जातीचा रंग बायकांच्या नखांवर आला. तेव्हा घरच्या घरी मॅनिक्युअर करायचं तर पेंट शॉपचे नियम पाळावेत, असं माझं स्पष्ट मत आहे. (पार्लरवाल्या मैत्रिणींनी रागावू नये!)

रंगापेक्षा पूर्वतयारी मोठी. जुनं पॉलिश रिमूव्हरनं पुसायचं. तो चटकन पेट घेतो, म्हणून गॅसपासून आणि देवघरातल्या निरांजनापासून लांब बसावं. नखं कानसायची ती कोरडी असतानाच, कारण ओलं नख मऊ होऊन चिरतं. कानस कडेकडून मध्याकडे एकाच दिशेनं फिरवायची, करवतीसारखी नव्हे. मग पाच मिनिटं हात कोमट पाण्यात, आणि टिपून झाल्यावर नखांच्या मुळाशी खोबरेल.

मुळाशी जी पातळ कातडी असते, ती पुष्कळ ठिकाणी सर्रास कापतात. माझी याला सक्त हरकत आहे. ती कातडी म्हणजे नख आणि बोट यांच्यामधलं लिंपण. ते निघालं की फटीतून पाणी, साबण, जंतू आत शिरतात आणि नखुरडं होतं. दिवसभर भांडी-धुण्यात हात ओले असणाऱ्या बायकांना ते महिनोन्महिने छळतं. मधुमेह असला तर विचारूच नका. मऊ फडक्यानं ती हलकेच मागे सारावी, बस्स. नखाला झालेली इजा भरून यायलाही वेळ लागतो. नख महिन्याला जेमतेम तीन मिलिमीटर वाढतं. दिवाळीत टोकाशी आलेलं नख मुळाशी उगवलं ते अक्षय्यतृतीयेच्या सुमारास!

आता रंग. आधी रिमूव्हरच्या बोळ्यानं तेलाचा अंशही पुसून काढा, नाहीतर रंग धरत नाही. बेस कोट म्हणजे काकांचा प्रायमर; गडद रंगानं नख पिवळं पडतं, ते त्यामुळे टळतं. बाटली हलवायची नाही, बुडबुडे येतात. दोन्ही तळव्यांत धरून फिरवायची. रंगाचे दोन पातळ हात द्यावेत, मध्ये पुरेसा वेळ सोडून. एक जाड हात कधीच नाही. शेवटचा पारदर्शक हात नखाच्या टोकावरून किंचित वळवावा. टवका उडतो तो तिथूनच, आणि तो कणकेत गेलेला कुणाला आवडणार?

आमच्या पट्ट्यात खाद्यपदार्थांच्या, औषधांच्या कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्या कितीतरी जणी आहेत. तिथं नेलपॉलिश चालत नाही. त्यांनी फक्त रंग वगळावा. खोबरेलाचं बोट फिरवून जुन्या सुती साडीच्या तुकड्यानं नखं घासली, की त्यांना अशी मंद चकाकी येते की पहिल्या पाळीची बस पकडतानाही स्वतःच्या हातांकडे बघत राहावं.