फाइली पोचल्या, संगणक उठेना

जुना संगणक सुरू व्हायला दोन-तीन मिनिटं घेत असेल, तर तो भंगारात काढण्याआधी त्याची हार्ड डिस्क काढून जागी एसएसडी, म्हणजे चिपवर साठवणारा ड्राइव्ह, बसवून पाहा. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या तबकडीवरची हवी ती जागा वाचणाऱ्या टोकाखाली यायलाच सरासरी ४ मिलिसेकंद लागतात. टोक सरकण्याचा वेळ वेगळा. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं. सुरू होताना संगणक हजारो छोट्या फाइली वाचतो, म्हणून फरक तिथे सर्वांत जास्त जाणवतो.

पण सगळ्या फाइली निवडून नव्या ड्राइव्हवर कॉपी-पेस्ट केल्या, तर संगणक उठत नाही. विंडोजच्या अलीकडच्या संगणकांत डिस्कवर एक छोटा, एरवी न दिसणारा विभाग असतो. बहुधा जेमतेम १०० एमबीचा. कार्यप्रणाली कुठून उचलायची, हे सांगणारा प्रोग्रॅम तिथे राहतो. शिवाय चालू विंडोज स्वतःच्या काही फाइलींना हातही लावू देत नाही. म्हणून क्लोनझिलासारख्या मोफत साधनाने, पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून, विभागांसकट अख्ख्या डिस्कची नक्कल करायची. जुनी डिस्क १ टीबीची आणि एसएसडी ५१२ जीबीची असेल, तर जुनीवरचा विभाग आधी लहान करावा लागतो. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप, चालू असेल, तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर उतरवा. हे खरंच विसरू नका.

नक्कल झाल्यावर पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क काढून ठेवा, कारण आता दोघींची ओळखखूण एकच असते. आणि महिनाभर तरी ती पुसू नका. घरातले फोटो तिच्यावर आहेत.