पँट टांगायची कशावर? दुकानासाठी हँगर घेताना



शिवणकाम करणारे आपले बरेच गट आता नुसतं शिवून देत नाहीत, स्वतः विकतातही. कुणाचा बाजारात गाळा आहे, कुणी तालुक्याच्या प्रदर्शनात किंवा मुंबईच्या महालक्ष्मी सरसमध्ये स्टॉल लावतं. कुर्ते हँगरवर छान दिसतात. पँट, पलाझो, शाळेच्या पँट मात्र टेबलावर गठ्ठ्यानं पडून असतात. गिऱ्हाईक खालची ओढतं, गठ्ठा कोसळतो, आणि आपण दिवसभर घड्या घालत बसतो. शिवाय गर्दीत मोठ्यानं कमरेचं माप सांगायला कितीतरी बायका लाजतात. माप समोर दिसलं नाही, तर त्या न विचारताच पुढे जातात.

म्हणून हँगर हवेत. पण कोणते, ते आधी समजून घेऊ.

चिमट्याचा हँगर : पँट कमरेला धरतो, ती पूर्ण लांब लटकते. बेल्ट, खिसे, उंची सगळं दिसतं. पलाझो आणि फॉर्मल पँटला हा चांगला. चिमट्याच्या आत रबर आहे का ते बघा. नुसत्या पत्र्याचा चिमटा कापडावर वळ उठवतो आणि पावसाळ्यात गंजून डाग पाडतो.

दांडीचा हँगर : पँट मधोमध दुमडून दांडीवर टाकायची. वळ उठत नाही, वजन पेलतो. जीन्स आणि जाड कापडाला हा बरा. दांडी गुळगुळीत असेल तर पँट घसरते. अशा वेळी दांडीला जुन्या सुती कापडाची पट्टी गुंडाळा. रंग जाणारं कापड मात्र नको.

बारीक तारेचा हँगर : स्वस्त असतो, पण जड पँटनं वाकतो आणि दुमडीवर कायमची घडी पाडतो. पँटसाठी टाळा.

लेगिंगचं वेगळं आहे. तिचं कापड ताणतं, चिमट्याला अनेक दिवस लटकली तर कमरेला आकार बिघडतो. नमुन्याला एकच टांगा, बाकीच्या घडी करून ठेवा. इलॅस्टिकची पँट लावताना कंबर ताणून चिमटे लावू नका, सैल असते तेवढ्याच रुंदीवर लावा. कुर्ता-पँटचा सेट असेल तर खाली चिमटे असलेला कुर्त्याचा हँगर घ्या, म्हणजे जोडी सुटत नाही.

माप कसं घ्यायचं? ३२ इंच कंबरेची पँट सपाट ठेवली की १६ इंच भरते. दोन्ही कडांपासून एकेक इंच आत चिमटे, म्हणजे १४ इंचांचा हँगर पुरतो. लहान मुलाची २२ इंच कंबर सपाट ११ इंच होते, तिला मोठा हँगर लावला तर कापड ताणतं. दोन्ही प्रकारचा माल असेल तर सरकणारे चिमटे घ्या.

दांडी किती उंचावर? ४० इंच लांबीची पँट, ६ इंच हँगर आणि खाली झाडू फिरायला ६ इंच. झाले ५२ इंच, म्हणजे जमिनीपासून सव्वाचार फुटांच्या थोडं वर. पँट दुमडून टांगली तर एकाच भिंतीवर दोन दांड्या बसतात, एक साधारण ३४ इंचांवर, दुसरी ६६ इंचांवर. पण माल दुप्पट मावेलच असं नाही, कारण दुमडलेली पँट जाड होते. आधी दहा पँट टांगून जागा मोजा. दांडीही मजबूत हवी. एक जीन्स ७०० ग्रॅम धरली तरी ३० जीन्सचे २१ किलो होतात. प्लॅस्टिकच्या पाईपला मधे बाक येतो. लोखंडी पाईप घ्या आणि मधोमध आधार द्या.

आता पैशाचं बोलू. समजा तुमच्याकडे ६० पँट आहेत आणि चिमट्याचा हँगर ३० रुपयांना मिळतो. सगळ्यांना घेतले तर १८०० रुपये झाले. पण चार डिझाइन आणि पाच मापं असतील, तर प्रत्येकी एक टांगली की २० हँगर, म्हणजे ६०० रुपयांत काम होतं. बाकीचा माल मापाप्रमाणे फळीवर ठेवा. एक विकली की तिथे लगेच दुसरी लावा.

मात्र ६०० वाचवायला गंजका चिमटा घेऊ नका. २५० रुपयांच्या पँटला डाग पडला आणि ती २०० ला द्यावी लागली, तर ते ५० रुपये गटाच्या नफ्यातून जातात. म्हणजे मशीनवर बसलेल्या ताईच्याच हिश्श्यातून. म्हणून घाऊक घेण्याआधी दोन हँगर आणा, आपलीच पँट आठवडाभर टांगून बघा, वळ उठतो का ते तपासा. मग बैठकीत ठराव करा आणि खर्च नोंदवहीत लिहा.

शेवटची गोष्ट फुकटची आहे. सगळ्या हँगरचे हूक एकाच दिशेला ठेवा, डावीकडून लहान मापापासून सुरुवात करा आणि प्रत्येक हँगरवर पुठ्ठ्याच्या तुकड्यावर ठळक आकड्यात माप लिहा, २८, ३०, ३२ असं. लाजणारी ताई मग कुणाला न विचारता आपलं माप शोधेल आणि पँट हातात घेऊन थेट तुमच्याकडे येईल.