इंजिन क्रमांकाची गोष्ट

बँकेच्या नोकरीत वाहनकर्जाच्या असंख्य फायली माझ्या हाताखालून गेल्या. चासी व इंजिन यांचे क्रमांक नोंदणी पुस्तकाशी ताडून पाहिल्याखेरीज मी सही करीत नसे. परंतु ज्यावर तो क्रमांक कोरलेला असतो ते इंजिन गाडीतून उतरताना पाहिले ते निवृत्तीनंतर, थोरल्या बंधूंच्या वखारीत.

बंधूंची महिंद्र एमएम 540 जीप जुनी. डोंगरातील वाड्यांवर धान्यखरेदीस जाताना चारही चाकांना शक्ती देणाऱ्या या गाडीवाचून त्यांचे चालत नाही. तिचे 2112 सीसीचे प्यूजो बनावटीचे डिझेल इंजिन तेल खाऊ लागले, निळा धूर सोडू लागले. पुतण्याने परिचित मिस्त्रीच्या मदतीने ते घरीच बदलण्याचे ठरविले आणि जुन्या बाजारात एका इंजिनासाठी पाच हजारांचा विसारही दिला.

मी पावती मागितली. ती नव्हती. बॅटरीच्या उजेडात पाहिले, तर क्रमांकाची जागा कानशीने घासलेली.

"काका, सगळे असेच घेतात," पुतण्या म्हणाला.

"उद्या अपघात झाला आणि विमा कंपनीने हाच क्रमांक विचारला, तर काय दाखवशील?"

तो गप्प झाला. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "चोरीचा माल घेणे हाही अचौर्यव्रताचा अतिचारच आहे." व्यवहार मोडला, विसार बुडाला. ती रक्कम आम्ही शिक्षणखाती टाकली.

पुढे मोडीत निघालेल्या त्याच जातीच्या जीपचे इंजिन थेट मालकाकडून बिलासह मिळाले. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार आरटीओकडे अर्ज केला. मंजुरी हाती आल्यावरच पान्याला हात लागला.

प्रथम बॅटरीची ऋण तार सोडविली. पाणी व तेल भांड्यांत काढले. जळके तेल गटारात न ओतता बंद डब्यात साठविले. बॉनेट व रेडिएटर उतरविले. प्रत्येक तारेला चिठ्ठी बांधली. हे काम माझ्याकडे होते. गिअरबॉक्सखाली जॅक लावून त्याला आधार दिला. मग लोखंडी तुळईला टांगलेल्या चेन ब्लॉकने इंजिन उचलले. दोनशे किलोंच्या घरातले ते धूड अधांतरी असताना त्याखाली कोणीही हात वा पाय घालायचा नाही, हा मिस्त्रीचा दंडक होता.

नवे इंजिन बसविताना क्लच प्लेट नेमकी मध्यावर आणावी लागते, अन्यथा गिअरबॉक्सचा दांडा आत जात नाही. यातच अर्धा दिवस गेला. शेवटी डिझेल बंद ठेवून स्टार्टरने इंजिन फिरविले. तेलाचा दाब आल्याची खात्री झाल्यावरच डिझेल सोडले, नळ्यांतील हवा काढली. तिसऱ्या प्रयत्नात इंजिन बोलू लागले.

नंतर तपासणी होऊन नवा क्रमांक नोंदणी पुस्तकात चढला, विम्याच्या पॉलिसीतही दुरुस्त झाला. बंधूंनी दोन्ही कागद तिजोरीत ठेवले.

आपल्या पेढीत एखादी जुनी गाडी असेल आणि तिचे इंजिन कधी बदलले गेले असेल, तर आज बॉनेट उघडून क्रमांक ताडून पाहावा. तफावत आढळल्यास ती आपणच वेळीच दुरुस्त करून घ्यावी, अपघाताची वाट पाहू नये.